तापलेला सेल्फ आणि आमची वही

आमच्या घरात गाडीचे ज्ञान दादांकडे आणि वहीचे ज्ञान आमच्याकडे, अशी जुनी वाटणी आहे. आमचे थोरले बंधू अनेक वर्षे दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. २०२१ साली आम्ही दोघा भावांनी कर्ज काढून एक जुना ट्रक घेतला. भिवंडीच्या गोदामातून माल भरायचा आणि नाशिकला उतरवायचा, हा धंदा. दादा गाडी चालवीत, वस्तीतलाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत क्लीनर होता आणि कचेरी सुटल्यावर हिशेब आम्ही लिहीत असू. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. आपली वही कधी चुकत नाही, हा आमचा अभिमान!

२०२२ च्या उन्हाळ्यात गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबले की पुन्हा गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसता 'कट्' असा आवाज येई, सेल्फ फिरत नसे. मग तासभर खोळंबा, नाहीतर दुसऱ्या गाडीने ओढून चालू करायची, त्याचे पैसे वेगळे. एका मिस्त्रीने बॅटऱ्या गेल्या म्हणून सांगितले. दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या. पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

तेव्हा कोणीतरी म्हणाले, "क्लीनर रात्री दिवे लावून गाणी ऐकतो, त्यानेच बॅटऱ्या उतरवल्या." आम्हाला ते लगेच पटले. पटले, कारण ते सोयीचे होते. आम्ही त्याच्या पगारातून १५०० रुपये कापले आणि वहीत लिहिले, 'बॅटरी नुकसान, क्लीनरकडून वसूल.' तो पोरगा एवढेच म्हणाला, "काका, बॅटरी उतरली असती तर सकाळी गाडी कशी लागली असती? गार झाली की लागतेच ना!" आम्ही म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" तो दहावी नापास होता आणि आम्ही पदवीधर. दुसरे कारण आमच्याकडे नव्हते.

पुढे दोन हप्ते थकले. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. दादा गाडी विकण्याची भाषा करू लागले. एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. गाडी कुठे, किती वाजता अडली, याच्या खोळंब्याच्या खर्चासोबत नोंदी होत्याच. अकरा वेळा गाडी अडली होती. अकराही वेळा घाट चढल्यावर, थांबून दहा-वीस मिनिटे झाल्यावर. सकाळी एकदाही नाही. पोरगा जे सांगत होता, ते आमच्याच अक्षरात आमच्यासमोर होते.

ती वही घेऊन आम्ही नाशिकच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. ते गाडीखाली शिरले आणि हसतच बाहेर आले. आमच्या गाडीत सायलेन्सरचा पाइप सेल्फच्या चार बोटांवरून जातो. मध्ये पत्र्याचा आडोसा असायला हवा होता. त्याच्या बोल्टची नुसती रिकामी भोके उरली होती. आधीच्या मालकाने कधीतरी पाइप बदलला असेल आणि पत्रा पुन्हा बसवलाच नसेल. शिवाय जोडाचे गॅस्केट फुटून गरम धूर थेट सेल्फवर येत होता.

त्यांनी समजावले ते असे. चढावर डिझेल इंजिनाचा धूर ४००-५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. गाडी चालू असेतो पंख्याचा वारा लागतो. गाडी थांबली की वारा बंद होतो आणि पाइपची सगळी धग सेल्फमध्ये मुरते. सेल्फच्या आत तांब्याची तार असते. तांबे १०० अंशांनी जास्त तापले की त्याचा विजेला होणारा अडथळा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. मग सेल्फचा आणि त्यावरच्या सोलेनॉइडचा जोर कमी पडतो. बॅटरी नवी असली तरी काय करणार? गाडी गार झाली की सगळे ठीक.

आधी गॅस्केट बदलले. मग स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा वाकवून जुन्याच भोकांत बसवला. तो पाइपलाही टेकू दिला नाही आणि सेल्फलाही नाही. दोन्हीकडे बोटभर मोकळी हवा ठेवली. सेल्फच्या जाड वायरीवर उष्णता सोसणारी नळी चढवली, अर्थिंगची वायर घासून घट्ट केली. दोन नव्या बॅटऱ्यांच्या मानाने हा खर्च किरकोळ होता.

ज्यांच्या घरी गाडी आहे, त्या बंधू-भगिनींसाठी चार गोष्टी लिहितो. पत्रा बसवण्याआधी बॅटरीची वायर काढा. सेल्फच्या मोठ्या टोकाला कायम करंट असतो, तिथे पत्रा लागला तर आग लागेल. सेल्फला फडके किंवा गोणपाट गुंडाळू नका. तेल-डिझेल पिऊन तेच पेट घेते. घाट चढल्यावर इंजिन तीन-चार मिनिटे मंद चालू ठेवूनच बंद करा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये एक-दोन मिनिटे थांबा. आणि गाडीखाली शिरून स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टोके जोडण्याचा शहाणपणा करू नका. गाडी गियरमध्ये असेल तर ती अंगावर येते.

घरी परतल्यावर आम्ही त्या मुलाला बोलावले. १५०० रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि दादा-वहिनींसमोर त्याची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "असू द्या काका, पत्रा बसला ना आता?" वहीतली जुनी ओळ आम्ही खोडली नाही. तिच्याखाली लिहिले, 'रक्कम परत. चूक हिशेब लिहिणाराची.'

गाडी आजही घाट चढते. हप्ते फिटले, पाटल्या सुटल्या. आता गाडीचे काही बिघडले, तर मिस्त्रीकडे जाण्याआधी आम्ही क्लीनरला विचारतो. रोज गाडीखाली तो शिरतो, आम्ही नाही.