उघाडी

आमच्या उरणच्या खारजमिनीत समुद्राच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडते, शेतातलं पाणी खाडीत जातं, भरतीला मिटते. ती अडकली की पाणी तुंबतं. हे मला शेजारच्या काकांनी शिकवलं, तेही माझ्या घशाबद्दल बोलताना.

दोन वर्षं घास छातीत अडकत होता. भाकरीच्या तुकड्यामागे पेलाभर पाणी. रात्री आडवी झाले की दुपारचा भात उशीवर, जसाच्या तसा, आंबटसुद्धा नाही. पित्ताच्या गोळ्या झाल्या. एका डॉक्टरांनी तर 'मनावर घेऊ नका' म्हटलं. घरच्यांना ते पटलंही. ताजे बोंबील तेवढे उतरायचे, म्हणून काकू कालवणाची वाटी आणून द्यायच्या. काका ओटीवर बसून माझं जेवण बघायचे. एकदा म्हणाले, "बाय, तुजी उघारी अरकलीय."

मिठागरात आयुष्य गेलेला माणूस. तेच मला मोरा बंदरातून लाँचने मुंबईला नेऊ लागले. मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागत नाही. त्यामुळे दवाखान्याने अकराची वेळ दिली की काका आधी तिथी मोजायचे.

पांढरं बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली, खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती. मग नाकातून नळी घालून दाब मोजला. अकॅलेशिया. दरवर्षी लाखात साधारण एकाला होणारा आजार. नसा निकामी होतात आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडत नाही.

हेलर नावाच्या जर्मन सर्जनने १९१३मध्ये शस्त्रक्रियेने या झडपेचा स्नायू कापला होता. २००८मध्ये जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी तेच काम तोंडातून दुर्बीण घालून केलं. आतल्या अस्तराला छोटा छेद देऊन अस्तर आणि स्नायूंच्या मध्ये बोगदा करायचा, आतून स्नायू कापायचा, छेद क्लिपांनी मिटवायचा. बाहेर ओरखडाही नाही. या उपचाराला पोएम म्हणतात. बिल मात्र अजिबात काव्यमय नव्हतं, पाटल्या मोडल्या.

डॉक्टर चित्र काढून समजावत होते. काकांनी मध्येच विचारलं, "उघारी कापल्याव भरतीचा खारा पानी आत येल ना?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "हाच याचा तोटा," ते म्हणाले. जठरातलं आम्ल वर येऊ शकतं.

तसंच झालं. रोज सकाळी गोळी घेते, पलंगाचं डोकं विटा लावून उंच केलंय. पण पोएमच्या दुसऱ्या दिवशी तपासणीचा एक्स-रे झाल्यावर पहिलं पेलाभर पाणी सरळ खाली गेलं, तेव्हा मी रडले. काका खिडकीबाहेर बघत उभे होते.

लाँचच्या तिकिटांचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. २०२४च्या जानेवारीत उरणला लोकल आली. परवा त्यांना मोतीबिंदू दाखवायला बेलापूरला न्यायचं होतं. मी मुद्दाम लवकर स्टेशनवर गेले. काका दोन तिकिटं काढून बाकावर बसलेले.