शेंगदाण्याची जागा

माझा भाचा क्लीव्हलँडला असतो. गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा फराळाला बसल्या बसल्या त्याने मला बेसबॉल शिकवायला घेतला. चकलीचे तुकडे मांडून मैदान केले आणि दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मध्ये एक शेंगदाणा ठेवला. "मामा, हा शॉर्टस्टॉप. हा लू बूद्रो!" खेळ मला अजून पुरता कळलेला नाही, तो शेंगदाणा मात्र डोक्यातून जात नाही.

बूद्रो १९४१ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्लीव्हलँड इंडियन्सचा व्यवस्थापक झाला. अर्ज त्याने आपणहून धाडला होता! हाताखाली वयाने वडील खेळाडू. आणि हा त्यांना हुकूमही सोडी नि त्यांच्याबरोबर धुळीत खेळेही. घोटे दुखरे, पळणे बेताचे. १९४७ नंतर मालक बिल वीक त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकणार होते. गावाने ओरड केली म्हणून राहिला. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, बोस्टनमध्ये निर्णायक सामना आला. जेमतेम एक दिवस विसावा मिळालेल्या जीन बेअर्डनच्या हाती त्याने चेंडू दिला. डाव फसता तर सगळ्यांनी याचाच गळा धरला असता. पण बूद्रोने स्वतः दोन होमरन मारले. सामना ८-३ असा जिंकला, मागाहून जागतिक मालिकाही.

पुढे तो शिकागोत रेडिओवर कब्ज संघाचे सामने सांगू लागला. १९६० च्या मे महिन्यात मालकांनी व्यवस्थापक चार्ली ग्रिमना मायक्रोफोनपाशी बसवले आणि बूद्रोला मैदानात धाडले. नुसती अदलाबदल! संघ हरायचा तो हरतच राहिला. पुढल्या वर्षी स्वारी पुन्हा मायक्रोफोनपाशी, ती १९८७ पर्यंत.

मी वीस वर्षे वर्गात मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खेळतो आणि सांगतो. मधली जागा तेवढी टाळली. जूनमध्ये आमचे हेडमास्तर निवृत्त झाले आणि संस्थेचे पत्र मला आले. ते खणात पडून होते. "अहो, नाही म्हणायचे तर नाही म्हणा, पण उत्तर द्या," असे घरातून रोज ऐकत होतो. ज्यांच्याबरोबर एका किटलीतला चहा प्यायलो, त्यांना उद्या उशिराबद्दल विचारायचे, या कल्पनेनेच पोटात गोळा येई.

परवा सुट्टी लागली. पत्र काढले आणि खाली लिहिले : 'मान्य. मात्र सातवीचा मराठीचा तास माझ्याकडेच राहावा.' भाच्याला अजून कळवलेले नाही.