लोणी काढणारी : मिलेचे एक अम्लरेखन

झाँ-फ्रांस्वा मिले (1814–1875) या फ्रेंच चित्रकाराने 1855-56च्या सुमारास ‘ला बारात्युझ’ हे अम्लरेखन केले. उंची जेमतेम 18 सेंमी, रुंदी 12. घरात एक बाई उभ्याने लोणी काढते आहे आणि मांजर तिच्या घाघऱ्याला अंग घासते आहे, विषय एवढाच. नगरकडच्या माणसाला मात्र ती पहिल्या नजरेत कांडण करणारी वाटेल. इकडे डेरा, रवी, घुसळखांब आणि आळीपाळीने ओढायचा दोर, म्हणजे गती गोल. तिकडच्या उंच, निमुळत्या लाकडी पिंपात दांडा मुसळासारखा वर-खाली चालतो. म्हणून मिलेच्या बाईचा सारा जोर दोन्ही मुठींत उतरला आहे.

अम्लरेखनासाठी घासून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ लेप देतात व मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करतात. सुईने रेघ ओढली की खालचे तांबे उघडे पडते. मग पत्रा नायट्रिक अम्लात. उघडे तांबे अम्ल खाते, झाकलेले वाचते. फिकट हव्या त्या रेघा थोड्या वेळाने रोगणाने बुजवायच्या आणि पत्रा पुन्हा अम्लात सोडायचा. सुई दाबून रेघ गडद होत नाही, वेळ दिल्याने होते. सवयीच्या हाताला हे पटता पटत नाही.

मिरजेत 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. पण ती अक्षरे कोरलेली होती. कोरणाऱ्याची रेघ धातूशी झगडून निघते, अम्लरेखनाची सुई मेणावर बोरूसारखी फिरते. घाघऱ्याच्या चुण्या नि मांजराची लव तिलाच साधते.

छापताना रेघांत शाई भरून पत्रा मलमलीने, शेवटी तळहाताने पुसतात आणि ओलसर कागदासह दाबयंत्रातून काढतात. चित्र उलटे उमटते, डावे उजवीकडे. पुसताना पत्र्यावर थोडी शाई मुद्दाम ठेवली तर आयता काळोख मिळतो. पॅरिसचा मुद्रक ओग्युस्त देलात्र त्यासाठी नावाजलेला होता. मिलेच्या या चित्राला अशा शाईची गरज नाही. खोलीतला अंधार मिलेने रेघेवर रेघ ओढूनच बांधला आहे.

कागदाच्या कडा कापलेल्या नसतील, तर मूळ छापावर पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागते. पुस्तकातल्या छायाचित्रात ती नुसती दिसते.