आईच्या ट्रंकेतली फाइल

हातखंबा तिठ्यावर संध्याकाळी उभी राहिले की हायवेवरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत फिसकटायचे. एसटीची पाटी गाडी पुढ्यात थांबेपर्यंत वाचता येईना. पन्नाशीही उलटली नव्हती. रत्नागिरीच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘‘मोतीबिंदू आहे. मोठा मायनस नंबर असला की लवकर होतो. आधी डोळ्याचं काही ऑपरेशन?’’

‘‘नाही,’’ म्हणून मी मोकळी झाले. २००२ साली, लग्नाआधी, मुंबईला जाऊन लेझरने मायनस सातचा नंबर घालवला होता. त्याला ऑपरेशन म्हणायचं हे मनातच आलं नाही. उठता उठता मी ते बोलले, तसं त्यांनी मला परत बसवलं.

‘‘ताई, मोतीबिंदू काढून बसवायच्या लेन्सची पॉवर ठरवताना मशीन बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची पुढची गोलाई मोजतं, मागची अंदाजाने धरतं. लेझरने तुमची पुढची बाजू सपाट झाली, मागची होती तशीच आहे. तिथे अंदाज फसतो. आतली लेन्स किती खोल बसेल, तेही बरीच सूत्रं याच गोलाईवरून ठरवतात. मग लेन्स कमी पॉवरची निघते आणि प्लस नंबर येतो. जुने कागद आहेत?’’

कागद आईच्या ट्रंकेत निघाले, माझ्या पत्रिकेखाली. पिवळ्या पडलेल्या कागदावर उजव्या डोळ्याची गोलाई होती: लेझरआधी ४३.७५, नंतर ३८. नेहमीच्या सूत्राने लेन्स १८ ची येत होती. लेझर झालेल्यांसाठीच्या हेगिस-एल आणि बॅरेट ट्रू-के या सूत्रांनी १९.५ आणि २०. डॉक्टरांनी २० ची घेतली. थोडा मायनस राहिला तर चालेल, प्लस नको, म्हणाल्या.

जाऊबाईंसारखी जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल मलाही हवी होती. पण ती उजेड वाटून देते. लेझरने आकार बदललेल्या डोळ्याला त्यात दिव्यांभोवती वलयं दिसण्याचा धोका जास्त. मी साधी, एकाच अंतराची लेन्स घेतली. आता मायनस अर्धा नंबर आहे, वाचायला चष्मा लागतो, पण तिठ्यावरची पाटी लांबूनच वाचते.

लेझर करून वीस वर्षं झाली असली तरी डॉक्टरांना आपणहून सांगा. कागद नसले तरी सांगा. त्यांच्यावाचूनही हिशेब करता येतो, पण लेझर झालंय हे कळलं तरच. नव्या लेन्सच्या पॉवरचं कार्ड मी त्याच फाइलीत ठेवलंय. डाव्या डोळ्याच्या वेळी ती बरोबर नेणार आहे.