सदरहून गोरेवाडा

सदरमधल्या माझ्या दवाखान्यापासून काटोल नाक्यामार्गे गोरेवाडा फारसा दूर नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी तेथील भारतीय सफारी खुली झाली. वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी तीत दिसतात. आफ्रिकन सफारीचे बेत मात्र आपण कधीचे ऐकत आहोत. एखाद्या मनोरंजन उद्यानाने नव्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला, की नातवंडेही असाच विस्तार कल्पू लागतात. त्यांना आधी अर्जातील वर्ग पाहायला सांगा. ४१ वा वर्ग मनोरंजनाचा, २५ वा कपड्यांचा, २८ वा खेळण्यांचा. केवळ शेवटचे दोनच असतील, तर ती टोप्या-बाहुल्यांची तयारी असू शकते! शिवाय अजून वापरात न आलेल्या, नुसत्या योजलेल्या नावासाठीही आपल्याकडे अर्ज करता येतो. नोंदणी दहा वर्षे टिकते. तेवढी वाट नावाला परवडते, आपल्या गुडघ्यांना नाही.

तेव्हा आजी-आजोबांनो, जे उघडे आहे ते याच हिवाळ्यात पाहून घ्या. सफारी बसमधून होते. तरी पायऱ्या चढताना कुणी तरी हात धरावा. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेह असल्यास खाण्याची वेळ चुकवू नये. आणि खिडकीजवळची जागा नातवाला सोडू नका.