परसातली खोली

प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन गावे पाहणाऱ्या माणसांचा मला नेहमीच धाक वाटत आला आहे. मी कुठल्याही गावी गेलो की पहिल्या देवळाच्या पायरीवर बसतो आणि उरलेले गाव दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो. परंतु गेल्या वर्षी मुलाने अटलांट्याहून मला तीन दिवस सव्हानाला नेले, तेव्हा यादीही त्याच्या हाती होती आणि मोटारही. चार तासांच्या रस्त्यात त्याने एकदाच विचारले, "बाबा, वाड्याचं काय ठरवलंत?" मी "बघू" म्हणालो. वाईच्या आमच्या वाड्याच्या जागी इमारत बांधण्याचे कागद माझ्या सामानात होते. माझी सही तेवढी व्हायची होती.

सव्हाना हे जॉर्जियातले पहिले शहर. १७३३ साली ऑगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने ते वसवले. वसवले म्हणण्यापेक्षा आखले म्हणावे. घरांच्या ओळी, मध्ये चौक, पुन्हा घरे, पुन्हा चौक. असे २४ चौक होते, त्यांतले २२ आज आहेत. चौक म्हणजे आपला रहदारीचा नव्हे. वाड्यातल्या चौकासारखा निवांत, वर ओक वृक्षांची दाट सावली. फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. तिकडे तिला 'स्पॅनिश मॉस' म्हणतात, पण ती स्पॅनिशही नव्हे आणि शेवाळही नव्हे. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. मला वडाच्या पारंब्या आठवल्या. पण पारंबी जमीन शोधत खाली येते, ह्या जटांना जमिनीची गरजच नसते.

मला चौकातले बाक मिळाले आणि मी खूष झालो. मुलाला मात्र गोष्टी सांगायच्या होत्या. एका चौकात टोमोचिचीची शिळा आहे. ह्या यामाक्रॉ मुखियाने इंग्रजांना इथे आश्रय दिला. १७३९ साली तो वारला तेव्हा त्याला मानाने ह्याच चौकात पुरले. पुढे १८८३ साली नेमक्या त्या जागी एका रेल्वे कंपनीच्या पहिल्या अध्यक्षाचे स्मारक उभे राहिले. आणखी १६ वर्षांनी मुखियासाठी बाजूला एक ग्रॅनाइटची शिळा बसवली. उपकारकर्त्याला कोपऱ्यात सरकवण्याची रीत सर्व मुलखांत सारखीच.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. १९५४ साली एका चौकातला जुना बाजार पाडून तिथे मोटारी ठेवण्याची इमारत बांधली. पुढच्या वर्षी १८२० सालचे डेव्हनपोर्ट घर त्याच वाटेने जायचे होते. तेव्हा सात बायका पुढे झाल्या, त्यांनी पैसे जमवले आणि घर विकत घेऊन वाचवले. जुने शहर राखण्याची चळवळ तिथून फोफावली. मोटारींची ती इमारतही पुढे पडली. २०१० साली चौक पुन्हा मोकळा झाला. मोटारी आता त्याच्या पोटात, जमिनीखाली उभ्या असतात. मी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "त्या सातजणी होत्या, बाबा. तुम्ही एकटे आहात."

दुसऱ्या दिवशी आम्ही ओवेन्स-थॉमस घर पाहिले. विल्यम जे ह्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने ते १८१९ च्या सुमारास बांधले. पावसाचे पाणी साठवून नळाने घरभर खेळवले होते. वरच्या मजल्यावर दोन भागांना जोडणारा चक्क एक पूल आहे. परंतु पाहुण्याला तिथे थेट दिवाणखान्यात नेत नाहीत. आधी मागचे अंगण, तिथल्या गुलामांच्या खोल्या, मग घर. संग्रहालयाने आपल्या नावातच आता त्या खोल्यांची जोड दिली आहे. खोल्या बुटक्या आहेत. छताला फिकट निळा रंग लावलेला. त्याने भुतेखेते दूर राहतात अशी समजूत होती. जॉर्जियात आरंभी काही वर्षे गुलामीला बंदी होती, ती १७५१ साली उठली. आणि १८५९ च्या मार्चमध्ये ह्याच शहराजवळच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसे लिलावात विकली गेली.

मी त्या निळ्या छताखाली उभा होतो आणि मला आमचे परस दिसू लागले.

गोठ्याला लागून एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. तिथे आक्का राहायची. माझ्या आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती जन्मभर तिथेच राहिली. पहाटे जात्यावर बसे, सोवळ्याचा स्वयंपाक करी, घरातली बाळंतपणे निभावी. आणि मंगलकार्य निघाले की आपण होऊन खोलीत जाऊन दार ओढून घेई. तिला कोणी दार लाव म्हटल्याचे मला आठवत नाही. ते म्हणावे लागत नव्हते.

आक्काला कोणी विकत घेतले नव्हते. ती घरचीच होती आणि आजोबा तिच्याशी मायेने बोलत. ती दोन दुःखे एका तराजूत घालण्याचा अविचार मी करणार नाही. पण वाड्यावर मी आजवर दोन लेख लिहिले आहेत. त्यांत झोपाळा आहे, तुळशीवृंदावन आहे, आडाचे गोड पाणी आहे. परसातली खोली नाही. वाडा वाचवायचा म्हणून जो वाडा मी मनाशी धरून बसलो होतो, त्याला मागचे अंगण नव्हतेच.

संध्याकाळी आम्ही नदीकाठी गेलो. तिथे एका स्त्रीचा पुतळा आहे. फ्लॉरेन्स मार्टस ही दीपगृहाच्या रखवालदाराची बहीण. १८८७ ते १९३१, अशी ४४ वर्षे बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिवसा कापड आणि रात्री कंदील हलवून ती निरोप देत असे. तिच्या पायाशी बसून मी मुलाला आक्काची हकीकत सांगितली. त्याने ती कधीच ऐकली नव्हती. बराच वेळ तो गप्प राहिला, मग म्हणाला, "त्यांचं नाव काय होतं?"

मला सांगता आले नाही. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणत होतो.

परत आल्यावर मी ट्रंकेतली वंशावळ काढली. तीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. थकलेल्या चुलतभावाला विचारले; तोही म्हणाला, "आक्काच की."

कागद अजून तसेच आहेत. भिंती खचल्या आहेत. वाडा फार दिवस टिकायचा नाही, हे मलाही दिसते. सही बहुधा करावीच लागेल. परंतु परवा परसात जाऊन ते दार उघडले, आत झाडले आणि दोन लेखांत जे राहून गेले होते ते लिहायला बसलो. हा वाड्यावरचा माझा तिसरा लेख.