अनुभव विचारला तेव्हा

आम्ही दोघे मियाँ-बीवी मिळून हे लिहीत आहोत, कारण जे घडले ते एकट्याचे नाही. नोकरी बायकोची, पण अर्ज दोघांनी लिहिला, काळजी दोघांनी केली आणि मोठी चूक झाली तीही दोघांची.

भिवंडीकडे राहणाऱ्यांना गोदामे नवी नाहीत. पूर्वी लूमची खडखड हीच इथली ओळख होती. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही, आणि नाशिक महामार्गालगत मोठमोठी गोदामे वाढत गेली. अशाच एका गोदामात आमच्यापैकी बायको सात वर्षे कॉम्प्युटरवर मालाची नोंद करत होती. नवरा टेम्पो चालवतो. घर चालत होते, अल्हम्दुलिल्लाह.

गेल्या वर्षी तिथल्या सकाळच्या शिफ्टचे इनचार्ज नोकरी सोडून गेले. फलकावर कागद लागला. पगार चांगला होता, वेळही सकाळी सात ते दुपारी साडेतीन, म्हणजे रात्रीचा प्रश्न नव्हता. पण खाली एक ओळ होती: माणसे सांभाळण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. त्या ओळीशी आम्ही दोघेही अडलो. इनचार्ज झाल्याशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभवाशिवाय इनचार्ज करत नाहीत.

घरात विषय निघाला तेव्हा अब्बांनी वेगळीच शंका काढली. ते म्हणाले, "ओहदा मागून घेऊ नये. जो मागून घेतो त्याच्यावर तो सोपवला जातो, आणि न मागता मिळाला तर अल्लाहची मदत मिळते." हदीस आम्हालाही माहीत होती. त्यामुळे आम्ही गप्प बसलो. दोन दिवस कुणी विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने असरनंतर मौलानांना विचारले. मौलानांनी हदीस नाकारली नाही, पण हजरत यूसुफ (अलै.) यांची आठवण करून दिली. सूरह यूसुफच्या ५५व्या आयतीत ते बादशहाला म्हणतात की देशाचे खजिने माझ्या हाती द्या, आणि त्याची दोन कारणे सांगतात: आपण जपणारे आहोत आणि जाणणारे आहोत. मौलाना म्हणाले, "मोठेपणासाठी मागणे वेगळे, आणि काम आपल्याला जमेल, इतरांचे त्यात भले आहे म्हणून पुढे होणे वेगळे. कोणते आपले आहे, ते तुमचे तुम्ही तपासा."

आम्ही तपासले. खरे सांगायचे तर पगाराची ओढ होती. पण त्याबरोबर हेही खरे होते की त्या गोदामात कुठला माल कुठे अडतो, हे बायकोइतके फार थोड्यांना माहीत होते.

मग वही घेऊन बसलो. हजरत यूसुफ (अलै.) यांनी आधी कुठल्या मुलुखाचे कोठार सांभाळले नव्हते, एका अमीराच्या घरात आणि कैदखान्यात त्यांचे दिवस गेले होते. आपल्या प्रेषितांनी (स.) लहानपणी मक्केच्या लोकांच्या बकऱ्या चारल्या. पुढे हजरत खदीजा (रजि.) यांनी आपला माल त्यांच्या हाती शामकडे पाठवला, तो त्यांचा खरेपणा ऐकून. म्हणजे अनुभव असतो, फक्त त्याचे नाव दुसरे असते. आपणही दुसऱ्या नावाने केलेले काम शोधायचे, असे ठरवले.

पहिल्या रात्री बायकोने लिहिले, "मेहनती आहे, जबाबदारी घेते." नवऱ्याने ते खोडले. असे कोणीही लिहितो. मग एकेक आठवत गेलो. नव्या सहा मुलांना स्कॅनर चालवायला कोणी शिकवले? इनचार्ज तापाने पडले तेव्हा दोन दिवसांची स्टॉक मोजणी कोणी पार पाडली? परत आलेला माल नोंदीत दिसत नव्हता, तो बिलाप्रमाणे आणि प्रत्यक्ष असा दोनदा मोजायची पद्धत कोणी घातली? प्रत्येक ओळीत काय केले, किती जणांबरोबर केले आणि त्यामुळे काय बदलले, एवढेच लिहिले. "मी मॅनेजर होते" असे कुठेही लिहिले नाही, कारण नव्हती. खोटी ओळ घालून मिळालेल्या पगारात बरकत कुठून येणार?

त्याच सुमारास दुसऱ्या एका गोदामातही अर्ज दिला होता. तिथे पाच मिनिटांत परत पाठवले. त्यावर आम्ही एवढेच शिकलो: जिथे आपले काम कोणी पाहिले आहे, तिथेच आधी विचारावे.

आपल्या गोदामाच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "पद लगेच देत नाही. दोन महिने काम बघा, मग ठरवू." पगार मात्र जुनाच. बायकोने हो म्हटले, पण एक विनंती केली: दोन महिने कधी संपतील ती तारीख आणि काम कशावरून पाहणार, हे लिहून द्यावे. गाड्या वेळेवर सुटणे, मोजणीतली तफावत आणि हजेरी, अशा तीन गोष्टी कागदावर आल्या. नोकरीत पुढे होऊ पाहणाऱ्या बहीण-भावांना आमचे सांगणे आहे की तोंडी आश्वासनावर राहू नका. कर्जाच्या व्यवहारातही आपल्याला लिहून ठेवायला सांगितले आहे.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. बायको स्वतःच स्कॅन करायची, स्वतःच खोके मोजायची. मुले उभी राहून बघायची. एके दिवशी ती आत मोजत असताना बाहेर एका गाडीत दुसऱ्याच गाडीचा माल भरला गेला. रात्री ती रडली. नवरा दरवर्षी मस्जिदीत इफ्तारची व्यवस्था बघतो. तो म्हणाला, "मी खजूर वाटत बसलो तर पाण्याकडे कोण बघेल? माझे काम दारात उभे राहून कुठे काय कमी पडते ते पाहणे." दुसऱ्या दिवसापासून तिने कामे वाटून दिली आणि स्वतः गाडी लागते तिथे उभी राहिली.

आता आमची मोठी चूक. त्याच शिफ्टमध्ये खालांचा मुलगा आहे. त्याला तिथे आम्हीच लावले होते. तो उशिरा यायचा आणि त्याची हजेरी मित्र लावायचा. बायकोच्या लक्षात आले. तिने घरी सांगितले आणि नवऱ्यानेच म्हटले, "जाऊ दे, आपलाच आहे." तिने जाऊ दिले. आठवड्याने एका हमालाने सर्वांसमोर विचारले, "ताई, नियम फक्त आमच्यासाठीच का?" तिच्याकडे उत्तर नव्हते.

त्या रात्री अब्बा स्वतःहून बोलले. "तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाईल. कळपात फक्त आपलीच बकरी नसते, बेटा."

बायकोने आधी मुलाला बाजूला घेऊन सांगितले. तरी तो पुन्हा उशिरा आला, तेव्हा त्याचा अर्धा दिवस कापला आणि हजेरी लावणाऱ्या मित्राचाही. मग त्या हमालाला सर्वांसमोर म्हणाली, "तुमचे बरोबर होते." हे बोलायला तिला अर्ज लिहिण्यापेक्षा जास्त हिंमत लागली.

कागदावरच्या तारखेला साहेबांनी बोलावले. पद पक्के झाले, पगार वाढला. अब्बांनी दुआ केली आणि हसून म्हणाले, "आता हिशेब वाढला."

खालांचा मुलगा आता सातला पाच मिनिटे कमी असतानाच हजर असतो. खाला मात्र बोलत नाहीत. दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो मागच्या ईदला आला नाही. त्यांचे दुःख आम्हाला कळते. नोकरी आपल्यामुळे लागली म्हणजे सांभाळूनही घेतील, असे त्यांना वाटणारच. तसे वाटू दिले ते आम्हीच.

या ईदला नमाजनंतर आम्ही दोघेच डबा घेऊन त्यांच्या दारी जाणार आहोत, इन्शाअल्लाह. दार उघडेल की नाही, माहीत नाही. कापलेला अर्धा दिवस परत देता येणार नाही, पण सलाम करायला तर कोणी अडवलेले नाही.